गल्लीतून गेलेली रेघ

आमच्या गल्लीच्या बरोबर मधून एक रेघ गेली आहे, ही बातमी कलमकाकांनी आणली तेव्हा मी अर्धी दाढी करून उभा होतो. उभा होतो, कारण मध्येच नळ गेला होता. अशा अवस्थेत माणसाला कुठलीच बातमी गंभीर वाटत नाही.

"मास्तर, तुम्ही आता प्रभाग नऊचे," कलमकाका दारातूनच म्हणाले. "मी पण. आपली रांग नऊमध्ये आणि समोरची रांग आठमध्ये. आत्ताच पालिकेच्या कचेरीत नकाशा बघून आलो."

कलमकाका आमचे शेजारी. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले, पण डोक्यातलं कोर्ट काही उठलेलं नाही. त्यांच्या भिंतीला कुणी सायकल टेकवली तरी ती कुठल्या कलमात बसते हे ते तिथल्या तिथे सांगतात.

"आठ काय नि नऊ काय," मी म्हणालो, "नळ दोन्हीकडे जातोच." मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. दर नव्या पुस्तकात जिल्हे इकडचे तिकडे झालेले मी पाहिले आहेत आणि जुन्या पुस्तकातून नवे जिल्हे शिकवले आहेत. एका रेघेने मी हलणारा नव्हे.

हलली ती माझी लेक. ठकीला, म्हणजे माझ्या नातीला, बूट घालत ती खाली बसली होती. तिने मान वर केली. "काका, मग पाळणाघर कुठे गेलं?"

"पाळणाघर आठमध्येच."

लेकीच्या हातात एक बूट तसाच राहिला. आता हे पाळणाघर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमची गल्ली ओलांडली की समोरची रांग, रांगेच्या मागे एक गटार, गटारावर फरशी टाकलेली, आणि फरशीपलीकडे पालिकेचं पाळणाघर. दारावर पाटीच आहे, फक्त या प्रभागातील रहिवाशांच्या मुलांसाठी. प्रभाग नऊला पाळणाघरच नाही. जावई नोकरीसाठी दुसऱ्या गावी, लेक ठकीला घेऊन आमच्याकडे. ठकी झाल्यापासून तिची नोकरी सुटली होती, ती आत्ता कुठे एका इस्पितळाच्या रक्त तपासणीच्या खोलीत पुन्हा लागली होती. अजून कायम व्हायची होती. खाडे करणाऱ्याला तिथे कायम करत नाहीत.

"पाळणाघर गेलं तर माझी नोकरी गेली, बाबा," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. नुसतं सांगितलं. मला ते फार लागलं.

"मी आहे ना," मी म्हणालो.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "तुम्ही सांभाळणार ठकीला? दिवसभर?"

"सांभाळणार कशाला? कचेरीत जाऊन ती रेघ मागे घ्यायला लावतो म्हणतोय मी."

"तरीच," असं म्हणून ही पुन्हा आत गेली. या एका शब्दावर मी पुष्कळ बोलू शकलो असतो, पण गालावरचा साबण वाळून कातडी ओढायला लागली होती.

कचेरीतला नकाशा जिन्याच्या वळणावर लावला होता. तिथे थांबलं की वरून उतरणारे आणि खालून चढणारे दोघेही आपल्याला ढकलतात. आमची गल्ली नकाशावर नखाएवढी होती आणि तिच्यातून जांभळी रेघ गेली होती. आधीची हद्द आमच्या घरामागच्या नाल्यावरून होती. चांगला रुंद, ऐसपैस नाला. पोरांना नैसर्गिक सीमा म्हणजे काय हे शिकवताना मी वर्गाच्या खिडकीतून तोच दाखवायचो. तो नाला सोडून यांनी रेघ गल्लीत आणली होती. हद्द पुन्हा नाल्यावर न्यायची, की सगळी गल्ली पाळणाघरासकट आठमध्ये. मला हे दोन मिनिटांचं काम वाटलं.

खिडकीतले कारकून म्हणाले, "हरकत लेखी द्या. त्यावर रहिवाशांच्या सह्या आणा. मग सुनावणी."

"पण चूक उघड आहे."

"उघड असली तरी लेखी द्या."

मी लेखी दिली. चांगली नऊ पानं झाली. नदी, डोंगर आणि नाला यांचं मानवी वस्तीतलं स्थान इथपासून सुरुवात केली होती. हिने पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "यात ठकी कुठे आहे?" ठकी सातव्या पानावर येत होती. विषयाला उठाव यायला पार्श्वभूमी लागते, हे हिला कधीच पटलेलं नाही.

सह्या मात्र मिळता मिळेनात. रेघ अजून कच्ची होती, सूचना-हरकती चालू होत्या, पण गल्ली तोवर मनाने फाटली होती. कचरा गोळा करणारी बाई फक्त समोरच्या रांगेचा कचरा उचलू लागली आणि आमच्याकडे बघून, "तुमचं आता नऊवाल्यांकडे," म्हणू लागली. संध्याकाळी गल्लीत बॅडमिंटन खेळणाऱ्या पोरांनी आठ विरुद्ध नऊ असे संघ पाडले. जाळी नेमकी रेघेवर. दिव्याचा खांब कुणाचा यावरून दोन सभ्य गृहस्थ तावातावाने भांडले, आणि तो दिवा तर गेल्या वर्षापासून बंद आहे. गल्लीतलं कुत्रं मात्र नेहमीप्रमाणे मधोमध झोपत होतं. त्याला कुणी सही मागितली नाही, नाहीतर त्याने दिली असती.

कलमकाकांनी सही केली, पण खाली स्वतःच्या गच्चीच्या गळतीचाही मजकूर घातला. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीने सही करताना, "हरकतच घ्यायची तर डासांचंही लिहा," असा आग्रह धरला. माझ्या नऊ पानांत नाला, गळती आणि डास असे तीन विषय झाले. कागद कचेरीत जायचा आहे, लोकांची गाऱ्हाणी न्यायला मी टपालपेटी नाही, असं मी दोघांना नम्रपणे सांगितलं. दोघांनाही ते आवडलं नाही.

समोरच्या वहिनींनी तर सहीच नाकारली. वहिनींचे जुळे नातू त्याच पाळणाघरात. गेली कित्येक वर्षं त्यांच्या-आमच्या घरात साखर, इस्त्री आणि शिडी यांची ये-जा. "भाऊजी, आम्ही तर आठमध्येच आहोत," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय अडचण आहे? तुमच्यासाठी सही करायची आणि उद्या त्यांनी आमचंच काही बिघडवलं तर?"

"वहिनी, गल्ली एक राहायला नको?"

"एकच आहे की. शिडी कधीही न्या."

मी फार दुखावलो. सही मागायला गेलेल्या माणसाच्या हातात शिडी देणं याला काय म्हणावं? पण शिडी मी आणली, कारण ती लागतच होती.

सुनावणीच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. सभागृहाबाहेर बाकांवर शहरभरातले हरकतवाले बसले होते. कुणाची रेघ बाजारातून गेली होती, कुणाची दवाखान्यातून. एका आजोबांची तर म्हणे झोपायची खोली एका प्रभागात आणि न्हाणीघर दुसऱ्यात गेलं होतं. "पहाटे उठून मी स्थलांतर करतो," ते म्हणाले, आणि हसले नाहीत. मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली. सकाळ गेली, दुपार निम्मी गेली. बसून बसून अंग आंबलं, म्हणून येरझाऱ्या घातल्या, तर शिपाई म्हणाला, "सर, बसा, माझं डोकं गरगरतं."

शेवटी माझं नाव पुकारलं. आत मोठ्या टेबलामागे साहेब, बाजूला खाली मान घालून नोंदी करणारे तेच खिडकीतले कारकून. मी नऊ पानं उघडली, घसा साफ केला. "महोदय, मानवी वस्तीच्या इतिहासात," इतकं म्हणालो आणि साहेबांचा फोन वाजला. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माणूस सभ्य होता. "घरून आहे. घेऊ का?"

आता आपल्यासारखा माणूस अशा वेळी काय म्हणणार? मी अदबीने म्हणालो, "हरकत नाही, हरकत नाही."

साहेब फोन घेऊन खिडकीशी गेले. गॅस, पाहुणे आणि कुणाच्या तरी चपला असं काहीतरी बोलणं झालं. परत येऊन त्यांनी कारकुनांकडे पाहिलं. कारकून म्हणाले, "पुढचा."

"पुढचा कसा? माझं अजून सुरूच व्हायचंय," मी म्हणालो.

"तुमचं झालं. हरकत नाही, अशी नोंद केली."

"अहो, ते फोनबद्दल होतं."

"नोंदीत फोन येत नाही, सर. अर्जदारास त्याची हरकत काय असं विचारलं जातं आणि तो सांगतो ते लिहितात. तुम्ही दोनदा सांगितलंत."

साहेबांनाच वाईट वाटलं. ते म्हणाले, "असं करा, एक छोटासा खुलासा लिहून द्या. एका पानात. मी बघतो." मागचा माणूस तोवर माझ्या खांद्यावरून पुढे वाकला होता. बाहेर त्या स्थलांतरवाल्या आजोबांनी विचारलं, "काय झालं?" मी नऊ पानं घडी करून खिशात घातली. हरकत घ्यायला गेलेला मनुष्य हरकत नाही सांगून परत आला, हे कुणाला सांगणार?

कुणाला सांगावं लागलंच नाही. मी गल्लीत शिरायच्या आत बातमी शिरली होती. बॅडमिंटनची पोरं मला पाहून जाळी वर करत म्हणाली, "जाऊ द्या सरांना, हरकत नाही." कलमकाकांनी हे खोट्या साक्षीच्या कलमात बसेल का यावर विचार केला. हिने चहा दिला आणि एवढंच म्हणाली, "फोन घेऊ नका म्हणायचं होतंत." लेक मात्र ठकीचे धुतलेले मोजे जोडी जोडी लावत बसली होती. मोजे सगळे एकाच रंगाचे होते, तरी ती जोड्या शोधत होती.

मी तिथेच बसून खुलासा लिहिला. रागात माणूस थोडक्यात लिहितो. मानवी वस्ती नाही, डोंगर नाही. "हरकत नाही या नोंदीस माझी हरकत आहे. गल्लीच्या मधून हद्द काढणे सर्वथा चूक. हद्द नाल्यावरून न्यावी." खाली सही. हिने वाचलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "हे बरं आहे."

आणि चमत्कार झाला. अंतिम प्रभागरचना लागली तेव्हा कलमकाका धापा टाकत आले. "मास्तर, जिंकलात. गल्लीतली रेघ गेली. हद्द नाल्यावर. दोन्ही रांगा एका प्रभागात." हां हां म्हणता गल्ली गोळा झाली. लोकांनी पाठ थोपटली. शिंपिणीने डासांचं विसरून माझं कौतुक केलं. कचऱ्याच्या बाईने आमचा कचरा उचलला. मी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला आणि मी नैसर्गिक सीमांविषयी दोनापेक्षा थोडे जास्त शब्द बोललो. माझ्या निवृत्तीच्या समारंभालाही इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

लेकीने मागून विचारलं, "काका, दोन्ही रांगा कुठल्या प्रभागात?"

"नऊमध्ये," कलमकाका म्हणाले.

मी थांबलो. नऊमध्ये कशा? नाल्यावर हद्द नेली तर आठमध्ये यायला हव्यात. मी तसाच चपला अडकवून कचेरीत गेलो, जिन्याच्या वळणावर उभा राहिलो, दोन्हीकडून धक्के खाल्ले आणि बघितलं. रेघ गल्लीतून उचलली होती खरी. पण ती आमच्या घरामागे न येता समोरच्या रांगेच्या मागे गेली होती. गटारावर. आमची रांग, गल्ली आणि समोरची रांग सगळं नऊमध्ये, आणि फरशीपलीकडचं पाळणाघर आठमध्ये.

"हे गटार आहे," मी खिडकीत जाऊन म्हणालो. "मी नाला म्हटलं होतं."

कारकुनांनी कपाटातून एक जुना नकाशा काढला आणि बोट ठेवलं. "आमच्याकडे हाच नाला आहे, सर. तुमच्या घरामागे जो आहे ना, तो ओढा."

आयुष्यभर मी ओढ्याला नाला म्हणून शिकवत होतो. वर्गाच्या खिडकीतून बोट दाखवून. कितीतरी पिढ्या. मी विचारलं, "मग गटार कशाला म्हणता?" ते म्हणाले, "गटार आमच्याकडे नाही. त्याचं खातं वेगळं आहे."

घरी यायला मला पुष्कळ वेळ लागला. दारात समोरच्या वहिनी उभ्या होत्या, आणि बातमी त्यांच्याकडे माझ्याआधी पोचली होती, हे त्यांच्या कमरेवरच्या हातांवरून कळत होतं.

"भाऊजी, मी सही केली नव्हती," त्या म्हणाल्या. "तरी माझी पोरं बाहेर काढलीत. आधी तुमची एक ठकीच बाहेर पडत होती, आता माझे दोघेही गेले. गल्ली एक ठेवायची होती ना? ठेवलीत."

मी शिडी परत देऊ का विचारलं. त्या निघून गेल्या. गल्लीतली जेवढी मुलं पाळणाघरात जात होती, ती सगळी माझ्या एका शब्दाने बाहेर पडली होती. मी घरात बसू शकेना, बाहेर उभा राहू शकेना. जिथे जावं तिथे कुणाची तरी आई माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक तयार झाली नाही. नोकरी सोडत असल्याचं पत्र लिहायचं होतं. "मी लिहून देऊ का?" असं मी विचारलं, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन पुन्हा खिशाला लावलं. तेवढ्यात दार वाजलं. पाळणाघरवाल्या बाई आल्या होत्या. उंच, करड्या आवाजाच्या, पोरांना नुसत्या बघून झोपवतात अशी त्यांची ख्याती.

"सर, तुम्ही माझं पाळणाघर बंद पाडलंत," त्या म्हणाल्या. "मुलं जवळजवळ सगळी तुमच्या गल्लीतलीच होती. आता तिथे तिघं उरलीत. तिघांसाठी पालिका जागा ठेवत नाही. तर मी काल साहेबांना जाऊन भेटले. नऊमध्ये पाळणाघर नाही, तर तिथे काढा म्हटलं. ते म्हणाले, जागा मिळाली तर तात्पुरतं लगेच सुरू करा."

"छान," मी म्हणालो. "जागा बघायला हवी."

"बघितली," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. "कालच बाईंना दाखवली. आपली बाहेरची खोली."

मी माझ्या बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. आरामखुर्ची, पुस्तकांचं कपाट, पृथ्वीचा गोल. निवृत्तीनंतर त्या खोलीत बसून काय काय करायचं याचे माझे बेत ठरले होते. मी हिला म्हणणार होतो की मला विचारलं नाही. मग लेकीकडे पाहिलं. तिच्या हातात कोरा कागद होता आणि ती माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी आरामखुर्ची उचलायला लागलो. बाई म्हणाल्या, "कपाट राहू द्या, खालचे कप्पे रिकामे करा."

आठवड्यात सगळं झालं. वहिनींनी जुळ्यांना स्वतः आणून सोडलं, माझ्याशी बोलल्या नाहीत, पण ठकीच्या खिशात खाऊ घातला. गल्लीतली सगळी मुलं आली. पालिकेची पाटी माझ्या नावाच्या पाटीवर लागली. पहिल्या दिवशी लेक कामावर गेली आणि मी कौतुकाने खोलीत एक स्टूल घेऊन बसलो. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही बाहेर."

"मी? हे माझं घर आहे, बाई."

"संध्याकाळपर्यंत पाळणाघर आहे. आत मुलं आणि सेविका, बाकी कुणी नाही. नियम आहे."

"आणि ही?" मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"त्यांची मदतनीस म्हणून नोंद केली आहे."

तेव्हापासून माझा दिवस गल्लीत जातो. आधी मी नुसता फिरत होतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत. मग कलमकाकांनी खुर्ची दिली. खिडकीतून डोकावलं की बाई म्हणतात, "सर, मुलं विचलित होतात." ठकी मला पाहून हात हलवते आणि लगेच कुणाचं तरी खेळणं ओढायला पळते. माझ्या पृथ्वीच्या गोलाला कुणीतरी मोजा घातला आहे. मी बाहेरून बघतो.

परवा लेक लवकर परत आली. मी खुर्चीत होतो. ती लांबून जवळजवळ धावतच आली आणि माझ्यासमोर थांबली. "बाबा," ती म्हणाली, "मला कायम केलं." आणि मग इतके दिवस जे रडली नव्हती ते सगळं तिथे गल्लीत उभी राहून रडली. माझेही डोळे भरून आले. लपवायला घर नव्हतं.

"चल, आईला सांगू," मी म्हणालो आणि दार वाजवलं.

दार थोडंसं उघडलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "मुलं झोपली आहेत. पालकांनी संध्याकाळी यावं," त्या हळूच म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. मी खुर्ची लेकीला दिली, स्वतः पायरीवर बसलो, आणि आम्ही दोघं संध्याकाळ व्हायची वाट बघत राहिलो.